टिक येते

अंबडला रात्री पावणेतीनला
शंभर टनी प्रेस तिसऱ्यांदा थांबली.
पंच अर्ध्यावर लटकलेला, खाली पत्रा तसाच,
आणि एकनाथ बेंडकुळे दोन्ही हात वर करून उभा,
जणू कुणी त्याला धरलंय.
"मी काही केलं नाही मॅडम."
इथे मला कुणी मॅडम म्हणत नाही.
फक्त तो, तेही घाबरला की.

त्याच्या नावावर आधीचेच दोन मेमो आहेत :
ऑपरेटर बटणावरून मध्येच हात काढतो.
कुलथे साहेबांचा हिरवा पेन, सुंदर अक्षर.

पॅनेल उघडलं.
तेलकट धूळ, वाळलेली पाल,
ओळीत अकरा रिले, पारदर्शक टोप्या घातलेले.
तीन नंबरची टोपी किंचित पिवळी.
उपसून खिशात टाकला,
मांडीला चटका बसला.

टेबलावर कॉइलला चोवीस व्होल्ट दिले : टिक.
काढले : टिक.
कॉइल साडेसहाशे ओहम, हवी तेवढीच.
संपर्काला मीटर लावला तर बीप,
लांबलचक, आज्ञाधारक.
रिले निर्दोष.
मग उरतो एकनाथ.

पपया नर्सरीच्या मागे पिंजारी मिस्त्रींचा गाळा होता,
आयटीआय सुटलं की मी तिथे बसायचे.
त्यांना ऐकू यायचं बंद झालं होतं.
रिले दातांत धरायचे,
टिक जबड्यातून घ्यायचे.
म्हणायचे, "मीटर पाहुण्यासारखा विचारतो गं,
काय, बरं आहे ना?
दारात उभं राहून कोण सांगणार दुखतंय म्हणून?
ओझं दे त्याला. तापव. मग विचार."

तर, ट्रकचा हेडलाइट, चोवीस व्होल्टचा.
आणि केस वाळवायचा ड्रायर,
जो माझ्या टूलबॉक्समध्ये बघून
सगळी शिफ्ट हसते.

टिक, उजेड. टिक, अंधार.
टिक, उजेड.
एकनाथ मोजत होता, बोटांच्या पेरांवर,
बाजारात जुड्या मोजतात तसा.
चाळीसपर्यंत काही नाही.
ड्रायरचा वास येऊ लागला.
त्रेचाळीस.
टिक.

बल्ब नाही.

आम्ही दोघंही हललो नाही.
मीटर संपर्काच्या दोन टोकांना टेकवला :
एकोणीस व्होल्ट.
जिथे काहीच सांडायला नको
तिथेच सगळं सांडत होतं.

टोपी फोडली.
चांदीच्या टिकलीवर खसखशीएवढा खड्डा,
भोवती काजळी.
जळक्या मेथीचा वास.
पाती मुकाट्याने येऊन टेकायची,
टेकण्याचा आवाजही व्हायचा.
पलीकडे काही जायचं नाही.

उघडा राहिला म्हणून प्रेस थांबली.
चिकटला असता तर थांबली नसती.
हे मी बोलले नाही.
त्याने आपले हात एकदा पालथे करून पाहिले,
म्हणजे त्याला कळलंच.

साहेब सव्वासहाला आले.
"बदलला ना? मग झालं."
"आणि ते मेमो?"
"ते गेले वर."
लॉगबुक पुढे ओढलं. हिरवा पेन मागितला.
हसले, दिला नाही.
निळ्याने लिहिलं :
रिले तीन, गरम असताना भारावर संपर्क तुटतो.
तिन्ही थांबे याचेच.
ऑपरेटरचा हात बटणावर होता.
शेवटची ओळ मी पाहिलेली नाही.
तरी लिहिली.

बाहेर दूधवाल्यांच्या गाड्या, पाथर्डी फाट्याकडे थंडी.
एकनाथ गेला नव्हता.
म्हणाला, एकदा परत लावा तो.
लावला.
फुटक्या टोपीचा रिले कानाशी धरून
तो बराच वेळ ऐकत राहिला.
"टिक तर येते की," म्हणाला.